एचआयव्हीचं राष्ट्रीय घरोघरी सर्वेक्षण: आखणी, चाचणी आणि आकडा वाचण्याची रीत

जुलै २००७ मध्ये भारतातल्या एचआयव्हीबाधितांचा अधिकृत अंदाज एकदम निम्म्याहून खाली आला. त्याआधी राष्ट्रीय एड्स नियंत्रण संघटना, म्हणजे नॅको, ५२ लाख म्हणत होती आणि संयुक्त राष्ट्रांची यूएनएड्स ५७ लाख. नवा आकडा निघाला सुमारे २५ लाखांचा. मार्च २०१९ मध्ये नायजेरियात तेच घडलं. प्रौढांमधलं प्रमाण २.८ टक्के मानलं जात होतं, ते १.४ टक्क्यांवर आलं.

दोन्ही देशांत रोग रातोरात ओसरला नव्हता, मोजण्याची पद्धत बदलली होती. आधीचे अंदाज मुख्यतः सरकारी दवाखान्यांत गरोदरपणाच्या तपासणीला येणाऱ्या बायकांच्या रक्तावर बेतलेले होते. भारतात या पद्धतीची एक अडचण होती. खाजगी डॉक्टर एचआयव्हीबाधित गरोदर बाईला अनेकदा सरकारी रुग्णालयाकडे पाठवत, त्यामुळे तिथलं प्रमाण फुगत असे. आंध्रातल्या गुंटूर जिल्ह्यात घरोघरी जाऊन केलेल्या अभ्यासात ही तफावत आधीच दिसली होती. राष्ट्रीय कुटुंब आरोग्य सर्वेक्षणाच्या तिसऱ्या फेरीने (२००५-०६) देशभरात एक लाखाहून जास्त लोकांचं रक्त तपासलं, १५ ते ४९ वयोगटात प्रमाण ०.२८ टक्के निघालं आणि जुना अंदाज टिकेनासा झाला. हे सर्वेक्षण मुंबईत देवनारला असलेल्या आंतरराष्ट्रीय लोकसंख्या विज्ञान संस्थेच्या समन्वयाखाली झालं होतं.

सार्वजनिक आरोग्य, समाजकार्य किंवा संख्याशास्त्र शिकणाऱ्यांना, सर्वेक्षणात काम करणाऱ्यांना आणि आरोग्यावर बातम्या लिहिणाऱ्यांना असा अहवाल कधी ना कधी हाताळावा लागतो. म्हणून हे काम पायरीपायरीने कसं चालतं आणि प्रत्येक पायरीवर आकडा कुठे घसरू शकतो, ते इथे मांडतो. उदाहरण मुख्यतः झिम्बाब्वेचं घेतो. अमेरिकेच्या पेपफार या एचआयव्हीविरोधी निधीतून, कोलंबिया विद्यापीठातली आयकॅप ही संस्था, अमेरिकेची सीडीसी ही रोगनियंत्रण संस्था आणि त्या त्या देशाचं आरोग्य मंत्रालय यांनी मिळून ‘फिया’ नावाची सर्वेक्षणमालिका उभी केली. झिम्बाब्वे, मलावी आणि झांबिया हे तिच्यातले पहिले देश. झिम्बाब्वेत पहिली फेरी २०१५-१६ मध्ये झाली आणि दुसरी २०२० मध्ये.

पायरी १: प्रश्न ठरवा, मग नमुन्याचा आकार

‘देशात एचआयव्ही किती?’ एवढ्या प्रश्नावर सर्वेक्षण आखता येत नाही. प्रत्यक्षात तीन वेगळे प्रश्न असतात. आज किती लोकांच्या शरीरात विषाणू आहे? वर्षभरात किती जणांना नव्याने लागण होते? बाधितांपैकी किती जणांचा विषाणू औषधाने दबलेला आहे? तिन्हींना लागणारा नमुना वेगवेगळा.

हिशेब एकदा हाताने करून पाहावा. एखाद्या प्रांतात बाधितांपैकी ७० टक्के लोकांचा व्हायरल लोड (रक्तातलं विषाणूचं प्रमाण) दबलेला असेल असा अंदाज आहे आणि उत्तर १० टक्के इकडेतिकडे चालणार आहे. साध्या सूत्राने ८१ बाधित व्यक्ती पुरतात. पण एका वस्तीतली माणसं एकमेकांसारखी असतात. एकाच वाडीतल्या तीस घरांतून तीस स्वतंत्र गोष्टी कळत नाहीत. याची भरपाई म्हणून नमुना दीडपट धरला की १२१ होतात. झिम्बाब्वेसारख्या देशात, जिथे प्रौढांत प्रमाण १४ टक्क्यांच्या आसपास होतं, तिथे १२१ बाधित सापडायला साधारण ८६५ जणांचं रक्त तपासावं लागेल. हेच ०.२८ टक्के प्रमाण असलेल्या ठिकाणी करायचं तर ४३ हजारांहून जास्त लोक लागतील, तेही एका प्रांतासाठी.

उपचारांची प्रगती मोजणारी अशी सर्वेक्षणं आफ्रिकेच्या पूर्व आणि दक्षिण भागात का झाली आणि भारतात त्या स्वरूपात का झाली नाहीत, याचं मोठं कारण या गणितात आहे. नायजेरियाने प्रमाण कमी असूनही ती केली, पण त्यासाठी जवळपास एक लाख घरांतल्या दोन लाखांहून जास्त लोकांपर्यंत जावं लागलं.

पायरी २: घरं निवडणं

निवड दोन टप्प्यांत होते. आधी जनगणनेच्या यादीतून प्रगणन गट, म्हणजे मोजणीसाठी पाडलेले घरांचे छोटे गट, निवडतात. ज्या गटात घरं जास्त, त्याची निवड होण्याची शक्यताही जास्त. झिम्बाब्वेने २०१२ च्या जनगणनेची चौकट वापरून सुमारे ५०० गट घेतले. मग त्या प्रत्येक गटात माणसं पाठवून घरांची नवी यादी करतात आणि तिच्यातून घरं काढतात.

ही नवी यादी करण्याचा टप्पा खर्चिक आणि कंटाळवाणा असतो, म्हणून तो गुंडाळायचा मोह होतो. तो कधीही गुंडाळू नये. जनगणनेनंतरच्या काही वर्षांत शहराच्या कडेला नव्या वस्त्या उठतात, खाणीजवळ खोल्या बांधल्या जातात. जुनी यादी वापरली तर नेमकी स्थलांतरित, तरुण, एकटी राहणारी माणसं नमुन्याबाहेर जातात. एचआयव्हीच्या बाबतीत हीच माणसं निसटणं सर्वांत महागात पडतं.

निवडलेलं घर बंद मिळालं म्हणून शेजारचं घर घ्यायचं नाही, हा नियम पर्यवेक्षकाने पहिल्याच दिवशी पथकाला बजावलेला असावा. ज्या घरी दिवसा कुणी नसतं, तिथली माणसं कामावर असतात. त्यांच्याऐवजी घरी सापडणाऱ्यांना मोजलं तर कष्टकरी पुरुष हळूहळू गळत जातात. म्हणून पुन्हा जायचं, वेगवेगळ्या वेळी जायचं, गरज पडली तर रविवारीही जायचं.

पायरी ३: गावात जाण्याआधी

नीतिमत्ता समितीची मंजुरी, मंत्रालयाची पत्रं, प्रयोगशाळांची तयारी हे सगळं लागतंच, त्यावर फार लिहीत नाही. गावाशी बोलणं मात्र टाळता येत नाही. ‘रक्त गोळा करायला माणसं आली आहेत’ ही अफवा पथकाच्या गाडीच्या आधी पोहोचते. त्यामुळे गावप्रमुख, धर्मगुरू, आरोग्यसेविका आणि एचआयव्हीसह जगणाऱ्यांच्या स्थानिक गटांना आधी भेटावं लागतं. रक्त किती घेणार, कशासाठी, कुठे नेणार, निकाल कुणाला कळणार, या चार प्रश्नांची उत्तरं पथकातल्या ड्रायव्हरलाही तोंडपाठ हवीत, कारण लोक पहिल्यांदा त्यालाच विचारतात.

पायरी ४: दारात

पहिलं काम घरातल्या माणसांची यादी. फियाच्या नियमाप्रमाणे काल रात्री या घरात जे झोपले होते ते पात्र, मग ते पाहुणे का असेनात. रेशनकार्डावर नाव असलेला पण वर्षभर दुसऱ्या शहरात राहणारा मुलगा इथे मोजायचा नाही. त्याची गाठ पडायचीच तर तो जिथे झोपतो तिथे पडेल. हा नियम पाळला की एकच माणूस दोनदा मोजला जात नाही.

मग संमती, आणि तीही वेगवेगळी घ्यायची: मुलाखतीसाठी एक, रक्तासाठी दुसरी, उरलेलं रक्त पुढच्या संशोधनासाठी जपून ठेवायला तिसरी. कुणी मुलाखतीला हो म्हणेल आणि रक्ताला नाही, तर ते जसंच्या तसं नोंदवायचं. अल्पवयीनांच्या बाबतीत पालकांची परवानगी लागते, आणि जाणत्या मुलामुलींची स्वतःची तयारीही विचारावी लागते. आई हो म्हणाली म्हणून बारा वर्षांच्या मुलीने हात पुढे केलाच पाहिजे असं नाही.

एका खोलीच्या घरात खाजगीपणा कुठून आणायचा, हा प्रत्यक्षातला सर्वांत अवघड भाग आहे. सासू चुलीपाशी बसलेली असताना सुनेला ‘तुम्ही कधी एचआयव्हीची तपासणी केली आहे का’ असं विचारलं तर खरं उत्तर मिळणार नाही, आणि चुकून मिळालंच तर तिचं नुकसान होईल. अनुभवी मुलाखतकार अंगणात, झाडाखाली, दुरून दिसेल पण ऐकू येणार नाही अशा जागी खुर्च्या मांडतो. तिसरं माणूस ऐकू येईल इतक्या अंतरावर आलं की प्रश्न तिथेच थांबवून पिकापाण्याचं बोलायचं, हेही प्रशिक्षणात शिकवावं लागतं.

पायरी ५: चाचणी आणि निकाल

फियामध्ये रक्ताची चाचणी घरीच होते. पट्टीवर रक्ताचा थेंब टाकायचा, ठरलेली मिनिटं घड्याळ लावून थांबायचं, मग रेषा वाचायच्या. पट्टी नीट चालली हे दाखवणारी नियंत्रण रेषा उमटली नाही तर पट्टी बाद, मग दुसरी रेषा कितीही ठळक असो. पहिली पट्टी बाधित दाखवत असेल तर दुसऱ्या कंपनीची वेगळी पट्टी वापरतात. नंतर प्रयोगशाळेत आणखी एका चाचणीने पक्कं करतात. दीड वर्षाखालच्या बाळांना ही पट्टी चालत नाही, कारण आईची प्रतिपिंडं बाळाच्या रक्तात असतात. त्यांच्यासाठी विषाणूचा जनुकीय अंश शोधणारी पीसीआर चाचणी लागते.

चाचणीच्या आधी आणि नंतर समुपदेशन होतं, निकाल त्या व्यक्तीला त्याच भेटीत सांगितला जातो आणि बाधित असेल तर उपचार केंद्राची चिठ्ठी दिली जाते. व्हायरल लोडचा निकाल काही आठवड्यांनी, त्या व्यक्तीने स्वतः निवडलेल्या दवाखान्यात पोहोचतो.

भारतातल्या २००५-०६ च्या सर्वेक्षणाची रीत वेगळी होती. बोटाला टोचून रक्ताचे थेंब जाड कागदाच्या कार्डावरच्या गोलांत घेतले जात. कार्ड पूर्ण वाळवायचं, ओल शोषणाऱ्या पुड्यांसह पिशवीत बंद करायचं आणि प्रयोगशाळेकडे पाठवायचं. कार्डावर नाव नसे, फक्त बारकोड. निकाल कुणालाच परत मिळत नसे. ज्यांना जाणून घ्यायचं असेल त्यांना मोफत तपासणी केंद्राची चिठ्ठी दिली जाई. नावाशी निकाल जोडलेलाच नसल्याने तो फुटण्याची भीती नव्हती, आणि लोक रक्त द्यायला तयार होण्यामागे ते एक कारण होतं. आपल्याकडच्या २०१७ च्या एचआयव्ही-एड्स कायद्यातही अशा निनावी, फक्त साथीचा माग घेण्यासाठी केलेल्या चाचणीचा स्वतंत्र उल्लेख आहे आणि तिचा हेतू लोकांना सांगितलाच पाहिजे अशी अट आहे.

मला फियाची रीत जास्त न्याय्य वाटते. औषध मोफत मिळतं आणि ते घेतलं तर माणूस पूर्ण आयुष्य जगतो, हे माहीत असताना कुणाच्या रक्तात विषाणू सापडावा आणि त्याला ते कधीच कळू नये, हे आज समर्थनीय राहिलेलं नाही. २००५ मध्ये परिस्थिती वेगळी होती. एआरटी, म्हणजे विषाणू दाबून ठेवणारे औषधोपचार, सरकारी केंद्रांत मिळायला लागून तेव्हा दोनही वर्षं झाली नव्हती आणि केंद्रं मोजकीच होती. पुढे कुणी भारतात असं सर्वेक्षण आखेल, तर निकाल परत देण्याची सोय पहिल्याच आराखड्यात आणि पहिल्याच अंदाजपत्रकात धरावी.

पायरी ६: प्रयोगशाळेत काय होतं

गोळा केलेलं रक्त साधारण दिवसभरात जवळच्या उपप्रयोगशाळेत पोहोचवून त्यातला प्लाझ्मा वेगळा करतात आणि गोठवतात. पुढे मुख्य प्रयोगशाळेत तीन गोष्टी तपासल्या जातात.

पहिली व्हायरल लोड. एक मिलिलीटर रक्तात विषाणूच्या १,००० पेक्षा कमी प्रती असतील तर विषाणू दबलेला मानतात.

दुसरी, रक्तात एआरटीच्या औषधांचा अंश आहे का. माणसाने मुलाखतीत काय सांगितलं आणि त्याचं रक्त काय सांगतं, यातली तफावत इथे कळते. ‘मला लागण आहे की नाही माहीत नाही’ म्हणणाऱ्या काही लोकांच्या रक्तात औषध सापडतं. ते खोटं बोलले असं म्हणून त्यांच्याकडे पाहू नये. अनोळखी माणसाला दारात ही गोष्ट सांगायची त्यांची तयारी नव्हती, इतकंच. फियाच्या हिशेबात अशा व्यक्तीला ‘निदान माहीत आहे आणि उपचार चालू आहेत’ या गटात टाकतात. अहवाल वाचताना आकडा नुसत्या सांगण्यावरचा आहे की रक्तातल्या औषधाने दुरुस्त केलेला आहे, हे आधी पाहावं. दोन वर्षांची तुलना करताना दोन्हींकडे एकच रीत असायला हवी.

तिसरी तपासणी लागण अलीकडची आहे का याची. लागण नवी असताना प्रतिपिंडांची विषाणूवरची पकड सैल असते, काळ जातो तशी ती घट्ट होते. ही पकड मोजणाऱ्या चाचणीत ‘अलीकडची’ दिसणारी अवस्था सरासरी १३० दिवस टिकते असं धरलं जातं. औषध घेणाऱ्यांमध्येही पकड सैल दिसू शकते, म्हणून व्हायरल लोड १,००० किंवा त्याहून जास्त आणि रक्तात औषध नाही, या दोन अटी पूर्ण झाल्या तरच लागण अलीकडची मानतात.

समजा तपासलेल्यांत १०,००० जण बाधित नाहीत आणि देशात वर्षाला दर हजारी ५ जणांना नवी लागण होते. वर्षभराच्या ५० लागणींपैकी १३० दिवसांच्या खिडकीत सापडतील साधारण १८. म्हणजे देशाचा ‘नव्या लागणीचा दर’ दीड-दोन डझन माणसांवर उभा असतो. त्यातली चार इकडची तिकडे झाली तर दर पाचव्या हिश्श्याने हलतो. म्हणून हा दर प्रांतवार किंवा जिल्हावार कुणी सांगू लागलं तर तो स्वीकारू नये. एस्वातिनीत २०१६-१७ च्या सुमारे १.४ टक्क्यांवरून २०२१ मध्ये तो सुमारे ०.६ वर आला. इतकी मोठी घसरण असेल तर या पद्धतीतही ती स्पष्ट दिसते. बारीकसारीक चढउतार दिसत नाहीत.

पायरी ७: भार आणि गळती

प्रत्येक माणसाची निवड होण्याची शक्यता वेगळी होती, म्हणून विश्लेषणात त्याला त्या शक्यतेच्या उलट प्रमाणात भार देतात. मग प्रतिसाद न देणाऱ्यांसाठी दुरुस्ती होते आणि शेवटी वय, लिंग यांप्रमाणे देशाच्या लोकसंख्येशी जुळवणी. भार न लावता काढलेली टक्केवारी कुठेही छापू नये.

पण भाराने सगळं भरून निघत नाही. प्रतिसादाचे तीन दर अहवालात वेगवेगळे दिलेले असतात: घरांचा, मुलाखतीचा आणि रक्ताचा. तिघांचा गुणाकार करून पाहा. ८५, ९० आणि ९० टक्के हे सुटे आकडे चांगले दिसतात, पण गुणाकार ६९ येतो. म्हणजे शंभरातल्या ३१ जणांचं रक्त तपासलंच गेलं नाही. तपासलेल्यांत प्रमाण १० टक्के आणि न तपासलेल्यांत २० असेल, तर खरं प्रमाण १३ च्या आसपास निघेल. आपल्याला लागण आहे हे आधीच माहीत असलेली माणसं नकार देत असतील तर हे शक्य आहे. पुरुषांमध्ये ही गळती जास्त असते, तेव्हा पुरुषांचे आकडे वाचताना प्रतिसादाचा तक्ता शेजारी उघडा ठेवावा.

पायरी ८: ९५-९५-९५ वाचण्याची रीत

यूएनएड्सने २०१४ मध्ये ९०-९०-९० चं उद्दिष्ट ठेवलं, पुढे ते ९५-९५-९५ झालं. बाधितांपैकी ९५ टक्क्यांना आपलं निदान माहीत असावं, माहीत असलेल्यांपैकी ९५ टक्के उपचारांवर असावेत आणि उपचारांवर असलेल्यांपैकी ९५ टक्क्यांचा विषाणू दबलेला असावा.

प्रत्येक टक्क्याचा छेद, म्हणजे ज्या संख्येपैकी टक्के काढले ती संख्या, वेगळा आहे, आणि बातम्यांमध्ये सर्वाधिक गफलत इथेच होते. ९०-९०-९० पूर्ण झालं तरी सगळ्या बाधितांपैकी ७३ टक्क्यांचाच विषाणू दबतो, आणि ९५-९५-९५ ला ८६. झिम्बाब्वेच्या २०२० च्या फेरीत आकडे होते ८६.८, ९७ आणि ९०.३. मधला आकडा झळकतो, पण तो फक्त निदान माहीत असलेल्यांचा आहे. पहिल्या पायरीवरच शंभरातले तेरा जण बाहेर राहिले आहेत. तिन्हींचा गुणाकार ७६ येतो. बोट्स्वानाने २०२१ मध्ये ९५.१, ९८ आणि ९७.९ गाठले, गुणाकार ९१. एकच आकडा द्यायचा असेल तर सर्व बाधितांपैकी किती जणांचा विषाणू दबलेला आहे तो द्यावा, आणि तो वय-लिंगाप्रमाणे फोडून पाहावा. राष्ट्रीय सरासरी उत्तम असलेल्या देशांतही पंचविशीच्या आतले तरुण-तरुणी मागे असतात. पुरुषांना निदान उशिरा कळतं.

प्रमाण वाढलं म्हणजे कार्यक्रम फसला, असाही अर्थ काढू नये. औषधामुळे माणसं जगतात, त्यामुळे बाधितांची संख्या टिकून राहते, कधी वाढते. नव्या लागणी आणि मृत्यू दोन्ही घटत असताना बाधितांचं प्रमाण स्थिर राहणं ही चांगली खूण असू शकते. शिवाय वयोगट तपासावा. एका फेरीचा अहवाल १५ ते ६४ चा आणि दुसऱ्या फेरीचा १५ च्या वरच्या सगळ्यांचा असेल, तर दोन्ही आकडे थेट शेजारी ठेवता येत नाहीत.

पायरी ९: घराबाहेरची माणसं

घरोघरी जाणारं सर्वेक्षण तुरुंगात जात नाही, वसतिगृहात, छावणीत, कुंटणखान्यात, फुटपाथवर जात नाही. झिम्बाब्वेसारख्या देशात, जिथे साथ सगळ्या समाजात पसरली आहे, याने राष्ट्रीय आकडा फारसा बिघडत नाही. भारतात बिघडतो. इथे लागण देहविक्री करणाऱ्या स्त्रिया, समलिंगी संबंध ठेवणारे पुरुष, तृतीयपंथी आणि सुईने नशा करणारे यांच्यात एकवटलेली आहे, आणि यातले बरेच जण घरांच्या यादीत सापडत नाहीत किंवा सापडले तरी दारात काही सांगत नाहीत. म्हणून २००७ चा सुधारित अंदाजही एकट्या घरोघरच्या सर्वेक्षणावर बेतलेला नव्हता. त्याला निवडक केंद्रांवरच्या निगराणीची जोड दिली होती. आजही नॅकोचे अंदाज निगराणी, कार्यक्रमाच्या नोंदी आणि गणिती प्रारूप यांच्या मेळातून निघतात.

माहिती खुली करताना

सर्वेक्षण संपल्यावर मूळ माहिती संशोधकांना देतात, पण व्यक्ती ओळखू येणार नाही अशा रूपात. ज्या खेड्यातून तीसच घरं घेतली आणि एकच बाधित तरुण विधवा सापडली, तिथे गावाचं नाव कळलं तरी पुरे होतं. म्हणून अशा सर्वेक्षणांत वस्त्यांचे नकाशावरचे बिंदू मुद्दाम काही किलोमीटर हलवून देतात. आपल्या २००५-०६ च्या सर्वेक्षणाच्या खुल्या माहितीत तर जिल्ह्याचे संकेतांकच ठेवलेले नाहीत. त्यामुळे प्रबंधासाठी त्यातून सांगली किंवा नागपूरचा आकडा काढता येत नाही, आणि काढता येऊ नये हेच योग्य आहे. नमुनाही जिल्ह्यासाठी आखलेला नव्हता. महाराष्ट्राचा आकडा वेगळा मिळावा म्हणून राज्याचा नमुना तेव्हा मुद्दाम मोठा घेतला होता, तेव्हा राज्यपातळीवर काम करावं. जिल्ह्याचं चित्र हवं असेल तर एआरटी केंद्रांच्या आणि तपासणी केंद्रांच्या नोंदींकडे जावं, आणि तिथे छेद कोणता आहे हे पुन्हा पहिल्यापासून विचारावं.